शेवटचं रीळ राहिलंय

छापून आलेल्या आपल्या पहिल्या लिखाणाबद्दल माणसं हळवी असतात. माझं पहिलं आणि शेवटचं छापील लिखाण मी कुणाला दाखवत नाही. बायकोनं ते ट्रंकेच्या तळाशी, कागदाखाली जपून ठेवलंय. मी घरात फार शहाणपण करायला लागलो की ती तोंडानं काही बोलत नाही, नुसती ट्रंकेकडं बघते.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी बेळगावात एका सहकारी बँकेत कारकून होतो. नुकतंच लग्न झालं होतं, आणि आपण विद्वान आहोत हे बायकोला दाखवायची जी खाज नव्या नवऱ्याला असते ती मलाही होती. त्या दिवसांत एक ऐतिहासिक प्रेमकथेचा मराठी सिनेमा जोरात चालला होता, एका गाजलेल्या कादंबरीवरून काढलेला. दोन्हींची नावं सांगत नाही. सांगितली तर पुन्हा कोणीतरी मला उत्तर लिहील. गावातलं एक साप्ताहिक प्रेक्षकांची मतं छापायचं. सगळी मतं सारखीच. डोळ्यांत पाणी आलं, गाणी गोड, घोडदौड बघण्यासारखी. मी एकट्यानं कडाडून टीका लिहून धाडली. ‘कादंबरीचा शेवट बदलण्याचा अधिकार दिग्दर्शकाला कुणी दिला? सरदार परत येतो आणि दाराला कडी घातलेली नसल्यामुळे सरळ आत येऊन उभा राहतो, हा मूळ कादंबरीतला सर्वांत हृद्य प्रसंग गाळून सिनेमावाल्यांनी वाचकांचा विश्वासघात केला आहे.’ खाली सही केली, ‘एक जाणकार वाचक’.

मत छापून आलं. मी जास्तीचे अंक विकत घेतले. एक बँकेत माझ्या टेबलाच्या काचेखाली सरकवला, येणाऱ्याजाणाऱ्याला सरळ वाचता येईल असा, म्हणजे मला उलटा.

पुढच्याच अंकात उत्तर आलं. खानापूरकडच्या कुणा वाचकानं लिहिलं होतं की दाराच्या कडीचा प्रसंग कादंबरीच्या कोणत्या पानावर आहे ते जाणकारांनी कृपा करून कळवावं, म्हणजे आम्हा अडाण्यांनाही तो वाचता येईल. सरदार परत आला ही बातमी आम्हाला नवी आहे, पण आनंदाची आहे.

बँकेत हसायला एवढं पुरे होतं. कॅशियर रोज सकाळी दाराशी थांबून विचारायचा, "कडी हाय का काढलाय?" मी तणतणत घरी आलो आणि बायकोला म्हणालो, "उद्या वाचनालयातून कादंबरी आणतो आणि पान नंबरासकट त्याच्या तोंडावर मारतो."

ती तांदूळ निवडत होती. निवडता निवडताच म्हणाली, "तुम्ही ती कादंबरी वाचलीय?"

"म्हणजे काय!"

"पुस्तक हातात धरून?"

"हातात धरून असं नाही. ऐकलीय. आक्कानं वाचली, मी ऐकली. अख्ख्या गल्लीनं ऐकलीय."

तिनं सूप खाली ठेवलं. ही येळ्ळूरची, शेतकऱ्याघरची, पण बेळगावात कॉलेज केलेली. माझ्यापेक्षा तिनं जास्त वाचलेलं आहे हे मला लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं. "मी वाचलीय," ती म्हणाली. "त्यात सरदार परत येत नाही हो. घोडा तेवढा येतो. सिनेमात दाखवलंय तसंच."

"आणि कडी?"

"कडी नाही."

मी ते मत लिहिलं तेव्हा ती माहेरी होती, सिनेमाही तिनं तिकडूनच बघितला होता. असती तर माझी अब्रू वाचली असती. पण ते ऐकल्यावर मला अब्रूची आठवण झाली नाही. आमच्या निपाणीच्या घराचं पुढचं दार आठवलं, आणि त्या दाराशी झोपणारी माझी वहिनी.

आता हे नीट सांगायला मला मागं जायला पाहिजे.

निपाणीत आमच्या गल्लीत घराघरांत विड्या वळायचं काम चाले. कारखान्यातून पानं आणि तंबाखू आणायची, ओल्या फडक्यात पानं मऊ करायची, पत्र्याच्या तुकड्यावर ठेवून मापात कापायची, आणि मांडीवर सूप घेऊन दिवसभर वळत बसायचं. आमच्या सोप्यात, म्हणजे दारालगतच्या पुढच्या खोलीत, दुपारी सात-आठ बायका जमत. हात चालू असले तरी कान मोकळे असतात. म्हणून कुणी कधी पाडलेला एक रिवाज होता: वाचता येणाऱ्या बाईनं पुस्तक वाचायचं आणि तिच्या वाटणीच्या विड्या बाकीच्यांनी वळून तिच्या सुपात टाकायच्या. वाचायची ती आमची आक्का, माझी थोरली बहीण. लग्नानंतर वर्षातच नवरा गेला आणि ती माहेरी परत आली. सातवी शिकलेली, आवाज खणखणीत. राजाचं बोलणं राजासारखं, दासीचं दासीसारखं वाचायची. वाचन रंगलं की तिचं सूप भरायचं. कंटाळवाणं निघालं की समोरची म्हातारी दम द्यायची, "रंगवून वाच गं, न्हायतर वाकड्या इड्या टाकीन." ही समोरची म्हातारी म्हणजे गल्लीचं तोंड.

आक्काच्या खालोखाल अण्णा, माझा भाऊ. तंबाखूच्या ट्रकवर ड्रायव्हर. त्याच्या ट्रकचा हॉर्न वहिनीला हायवेवरच ओळखू यायचा. वहिनी जांबोटीची, जंगलातल्या गावची, पावसात वाढलेली. निपाणीची कोरडी धूळ तिला कधी मानवली नाही, पण अण्णा मानवला होता. हॉर्न ऐकला की हातातली विडी अर्धी सोडून ती पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी. बायका चिडवायच्या, "अगं पान सुकतंय की हितं!" ती लाजून हसायची, पण तांब्या खाली ठेवायची नाही.

एकदा अण्णा माल घेऊन वर उत्तरेकडं गेला. क्लीनरला वाटेत ताप आला म्हणून त्याला उतरवून एकटाच पुढं गेला. आणि परत आला नाही. ट्रक रस्त्याच्या कडेला उभा सापडला, माल जागच्या जागी, किल्ली लावलेली. माणूस नाही. मालकानं माणसं धाडली, मी गेलो, पोलीस चौक्यांवर बसलो, दवाखाने बघितले. कुठं काही नाही. शेवटी दुसऱ्या ड्रायव्हरनं तो ट्रक निपाणीला परत आणला. त्यानं वळणावर हॉर्न वाजवला. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक. वहिनी तांब्या घेऊन धावत दारात गेली.

त्यानंतर ती जेवायची नाही. म्हणजे ताटावर बसायची, पण खायची नाही. डोकं विंचरायची नाही. विड्या मात्र वळायची, कारण त्याला डोकं लागत नाही. कुंकू लावावं की नाही, हे ना ती कुणाला विचारी, ना कुणी तिला सांगे. आम्हालाच माहीत नव्हतं, तर सांगणार काय?

अशा दिवसांत आक्कानं वाचनालयातून ती कादंबरी आणली. तिला वाटलं प्रेमाची आहे, राजेरजवाडे आहेत, पोरीचं मन रमेल. रमलंही. सरदार आणि त्याची बायको, बागेतल्या भेटी, रुसवे. वहिनी मान वर करून ऐकायला लागली. मग सरदार मोहिमेवर गेला. मग एक दिवस दुपारी, मी सुट्टी म्हणून घरी आलो होतो, सोप्याच्या खांबाला टेकून बसलो होतो, आक्कानं वाचलं की संध्याकाळी वेशीतून घोडा आला, सरदाराचा घोडा, आणि त्याच्या पाठीवर कुणी नव्हतं.

सगळ्या सुपांतले हात थांबले. समोरच्या म्हातारीनं कधी नव्हे ते तोंड मिटलं. वहिनीच्या बोटांत पान तसंच राहिलं, वळायचं थांबलेलं. ती आक्काकडं बघत होती.

आक्कानं पाण्याचा घोट घेतला आणि पुढं वाचायला लागली. गावानं सरदाराचा नाद सोडला. पण त्याच्या बायकोनं सोडला नाही. तिनं वाड्याच्या दाराला कधी आतून कडी घातली नाही, दिवसा नाही, रात्री नाही. लोक म्हणाले, वेडी झाली. आणि बऱ्याच वर्षांनी, एका दसऱ्याच्या सुमाराला, एक लंगडा, दाढी वाढलेला माणूस दाराशी आला. त्यानं दार ढकललं. दाराला कडी नव्हती.

बायका ढसाढसा रडल्या. आक्काचं सूप त्या दिवशी शिगोशीग भरलं. म्हातारीनं आपल्या सगळ्या विड्या त्यात ओतल्या. मीही खांबाकडं तोंड करून डोळे पुसले. आक्का तेवढा सगळा वेळ एकच पान उघडं धरून वाचत होती, हे मी बघितलं होतं. पण बघणं आणि ध्यानात येणं यांत माझी नेहमीच दोन-चार वर्षं जातात.

दुसऱ्या दिवशी वहिनीनं डोकं विंचरलं. ठसठशीत कुंकू लावलं. भाकरी खाल्ली. आणि त्या दिवसापासून आमच्या पुढच्या दाराची कडी कधी पडली नाही. वहिनीनं आपलं अंथरूण माजघरातून सोप्यात, दाराशी आणलं. वारं आलं की दार आपटायचं, म्हणून ती त्याला आतून एक पाट टेकवायची. पाट ढकलला की सरकणारा. कुत्री आत आली, एकदा शेजाऱ्याची म्हैस आली, पण कडी नाही.

दोनेक वर्षांनी जांबोटीहून तिचा भाऊ आला. आमच्यात पाट लावतात, म्हणजे बाईचं दुसरं लग्न करून देतात, त्यात कमीपणा नाही. त्याच्याच गावाजवळचा एक माणूस होता, बायको वारलेली, भाताची शेती, चार जनावरं, स्वभावानं गरीब. भाऊ चहाचा कप हातात धरून बोलला, "घरात सासूबी न्हाय, जाच करायला कोन न्हाय. तुमची सगळ्यांची हरकत नसली तर..." आम्ही काय हरकत घेणार! मी आणि आक्कानं एकमेकांकडं बघितलं. वहिनी चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, "आणि त्ये आले तर? मी दुसऱ्याच्या घरात हाय असं त्यास्नी दिसाया पायजे व्हय? त्या सरदाराला किती वर्सं लागली? ती बाई कुटं गेली व्हती?"

भावाला कोण सरदार ते कळलं नाही. तो माझ्याकडं बघायला लागला. मी त्याला हळूच सांगितलं, कादंबरीतला. त्यानं कप खाली ठेवला. आक्का उठून परसात गेली आणि बराच वेळ आत आलीच नाही. मला वाटलं, ओली पानं बघायला गेली.

मग काही वर्षं गेली आणि तो सिनेमा निपाणीच्या थेटरात लागला.

गल्लीत सणासारखी गडबड. त्या दिवशी दुपारनंतर सुपं उपडी पडली. भडंगाच्या पुड्या बांधल्या. बेळगावात सिनेमा आधीच आला होता, पण घरच्यांबरोबरच बघायचा म्हणून मी थांबलो होतो. वहिनीनं जरीकाठी हिरवं लुगडं नेसलं, अण्णानं आणलेलं. आक्का एकटी म्हणत होती, "माझं डोकं दुखतंय, तुम्ही जावा." म्हातारीनं तिला दंडाला धरून उठवलं. "तूच वाचलीस की गं आमास्नी! तू न्हाय आलीस तर कोन खरं कोन खोटं कसं कळायचं?"

तीनच्या खेळाला आम्ही गेलो. बायकांच्या बाजूला आमच्या गल्लीची अख्खी रांग, आणि जिनं तिनं आपलं मत तिथल्या तिथं मोठ्यानं द्यायला सुरुवात केली.

"ह्यो व्हय सरदार? मिशी चिकटवलीया बघ, गाणं म्हनताना हालतीया."

"लढाई करून आलाय आनि अंगरख्याला चिखूल न्हाय."

"नटी किती रडती गं, पर काजळ जागचं हालंना! आपलं काजळ शिंकलं तर पसरतंय."

"सासू बरी दाखवलीया. माझ्यावानी," म्हातारी म्हणाली आणि तिच्या सुनेनं अंधारात एक मोठा सुस्कारा सोडला. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "आज्जी, सिनेमा बघू द्या की!"

मग घोडा आला. वेशीतून, एकटा. थेटर गप्प झालं, पण आमची रांग निर्धास्त होती. एकमेकींना ढोसत होत्या, आता दार, आता दार. पडद्यावर ती बाई घोड्यापाशी गेली, त्याच्या तोंडाशी पाणी धरलं, घोडा पाणी प्यायला, ती त्याच्या मानेवर डोकं टेकून उभी राहिली. बासरी वाजली. आणि पडद्यावर अक्षरं आली, समाप्त. दिवे लागले.

लोक उठले. आमची रांग उठली नाही.

डोअरकीपर दार उघडून ओरडत होता, "मुगीतु री, मुगीतु! संपला, चला." म्हातारी जागेवरूनच म्हणाली, "संपला कसा? शेवटचं रीळ राहिलंय. ते लावा."

"आज्जी, समाप्त आलं की."

"आम्हाला शिकवतोस व्हय रं? आमी पुस्तक ऐकलंय! त्यो परत येतोय. लंगडत येतोय. दाराला कडी नसती. लावा रीळ!"

त्या थेटराला रीळ गाळायची खोड होतीच. रात्रीच्या खेळाला लोकांची शेवटची एसटी चुकू नये म्हणून एखादं गाणं सोडून द्यायचे. त्यामुळं आमची खात्रीच. बायका एकजात ओरडायला लागल्या, "रीळ लावा! पूर्न तिकीट घेतलंय!" आणि बँकेत नोकरी करणारा, शिकलासवरलेला मी बाकावर उभा राहून म्हणालो, "ऑपरेटरला खाली बोलवा. मी मूळ कथा जाणतो." माझा आवाज चिरकला होता. तेवढा राग कुठून आला होता मला अजून सांगता येत नाही. एका सिनेमासाठी माणूस एवढा संतापत नाही.

ऑपरेटर खाली आला. गरीब माणूस, बनियनवर. रिळांचे रिकामे डबे दाखवले, शपथ घेतली. वहिनी इतका वेळ बसूनच होती, मांडीवर भडंगाची न सोडलेली पुडी. तिनं त्याला शांतपणे विचारलं, "घोडा येतोय, मानूस येत न्हाय. एवढाच हाय का ह्यो?"

"एवढाच हाय, बाई."

ती उठली आणि चालायला लागली. परत येताना गल्ली सिनेमावाल्यांचा उद्धार करत चालली होती. पुस्तक नासवलं, मढं गेलं त्यांचं, पैसा कमी पडला असंल म्हणून मारून टाकला. मी सगळ्यांत पुढं, मनात मताचा मसुदा जुळवत. घरी येऊन वहिनीनं भाकऱ्या थापल्या. अंथरूण दाराशी घातलं. पण पाट टेकवायला ती विसरली, आणि दार वाऱ्यानं आपटत राहिलं.

मी बेळगावला येऊन ते मत लिहिलं. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

बायकोनं "कडी नाही" म्हटलं त्याच्या पुढच्या रविवारी आम्ही दोघं निपाणीला गेलो. बायकोनं वाचनालयातून कादंबरी आणली होती. मी बॅग धरली होती. आक्का सोप्यात एकटीच पानं कापत होती. मी पुस्तक तिच्यासमोर ठेवलं. तिनं ते ओळखलं. कात्री खाली ठेवून हात लुगड्याला पुसले.

"कळलं व्हय तुला," ती म्हणाली.

"आक्का, हे काय केलंस गं?"

"मग काय वाचायचं हुतं तिच्या म्होरं? घोडा आला इथवर वाचलं आनि नजर खाली गेली, म्होरचं दिसलं. वर बघितलं तर ही पोर माझ्या तोंडाकडं बघतीया. ट्रक आलता तवा बघत हुती तशी." आक्काचा खणखणीत आवाज पार गेला होता. "एक दिवसापुरतं केलतं रं. म्हटलं, उद्या सांगीन, नीट जवळ घिऊन सांगीन. उद्याच्याला तिनं डोकं विंचरलं. भाकरी खाल्ली. मग कसं सांगू? तूच सांग, कसं सांगू?"

मी पुस्तक उचलून उगाच चाळत बसलो. एरवी माझ्याकडं कशावरही मत असतं.

परसाच्या दारातून वहिनी आत आली. हातात ओल्या पानांचं फडकं. तिनं सगळं ऐकलं होतं. बायको उठायला लागली तर तिनं हातानं बस म्हटलं.

"थेटरातच कळलं मला," वहिनी म्हणाली. "समद्या भांडत हुत्या. आक्का एकट्या गप. खाली मान घालून. पुस्तक त्यांनीच वाचलेलं, तर सगळ्यांत जास्ती त्यांनी भांडाया पायजे हुतं की."

आक्का रडायला लागली. वहिनी तिच्याजवळ बसली, तिचा हात हातात घेतला. "रडू नगासा. तवा तसं वाचला नसतासा, तर मी जगले नसते. खरंच जगले नसते." मग तसाच हात धरून, आवाज न चढवता म्हणाली, "पर माझा भाऊ आलता, तवा तरी सांगायचं हुतं, आक्का."

हे वाक्य आमच्या घरात अजून आहे.

दुपारी बायका जमल्या. वहिनीनं सूप मांडीवर घेतलं आणि माझ्याकडं बघितलं. "भावजी, तुम्ही वाचा आज. शेवटचंच वाचा. हाय तसं वाचा."

मी वाचलं. मला आक्कासारखं वाचता येत नाही; मी बँकेतली नोटीस वाचल्यासारखं वाचतो. घोडा आला त्या ओळीवर माझी जीभ अडली. मला पुढची ओळ दिसत होती आणि समोर वहिनी दिसत होती. आक्काला त्या दिवशी काय झालं असेल ते मला तेव्हा कळलं. पण मला गोष्ट रचता येत नाही. मी आहे तसं वाचलं. ती घोड्याला पाणी दाखवते, तो पाणी पितो, आणि कादंबरी संपते.

"पानी तिनं घोड्याला पाजलं व्हय," वहिनी म्हणाली. तिचे हात चालूच होते. "बरं केलं. मी त्या दिवशी तांब्या तसाच माघारी आणलता."

कुणी रडलं नाही. म्हातारीनं कर्तव्य म्हणून आक्काला एवढंच म्हटलं, "भवाने, माझ्या सुपभर इड्या परत दे," पण ते म्हणताना तिनं आक्काच्या पाठीवरून हात फिरवला. वहिनीनं आपल्या सुपातल्या मूठभर विड्या उचलून माझ्यापुढं ठेवल्या. वाचणाऱ्याच्या वाटणीच्या.

भाताची लावणी संपल्यावर तिचा भाऊ तिला न्यायला आला. या वेळी स्थळाचा विषय नव्हता. त्या माणसानं केव्हाच दुसरीकडं पाट लावला होता, त्याला आता एक मुलगीही होती. "तसंच ऱ्हाईन भावाकडं," ती म्हणाली. "जनावरं हायत, रान हाय. पाऊस तरी बघाया मिळंल." कपाळाचं कुंकू तिनं पुसलं नाही. हिरवं लुगडं आक्काला देऊन गेली.

आम्ही तिला एसटी स्टँडवर पोचवलं. बेळगावपर्यंत एक गाडी, तिथून जांबोटीची, ती मिळाली तर. खिडकीत बसल्यावर तिनं मला जवळ बोलावलं. तोवर माझ्या मताची आणि कडीची कथा तिच्यापर्यंत पोचली होती. बायकोनंच सांगितली असणार. "भावजी," ती म्हणाली, "सिनेमा चांगला हुता. तुम्ही उगंच पेपरात नावं ठिवलासा." आणि हसली. अण्णा गेल्यापासून ती तशी हसल्याचं मला आठवत नाही. गाडी सुटली. मी हात वर केला तो तसाच राहिला, पुढं काय करायचं ते न कळून.

घरी आलो तर सोपा मोठा वाटत होता. दाराशी अंथरूण नव्हतं, पाट भिंतीला उभा होता. आक्कानं दिवा लावला, पण विड्या घेतल्या नाहीत. वारं सुटलं. दार उघडायचं, आपटायचं, पुन्हा उघडायचं. आम्ही तिघंही ते ऐकत बसलो होतो आणि एकमेकांकडं बघत नव्हतो. प्रत्येक वेळी दार उघडलं की माझी नजर बाहेर जायची. एवढं सगळं वाचून झाल्यावरही जायची.

शेवटी बायको उठली. दारापाशी गेली, फळी धरून थांबली. रस्त्यावर दोन्ही बाजूंना बघून घेतलं. कडीवर गंज चढला होता, तिनं तो बोटानं पुसला. मग मागं वळून, आधी आक्काकडं आणि मग माझ्याकडं बघत, हळूच म्हणाली,

"घालू का आज?"